पुढची तारीख

(संध्याकाळ. रावेर स्टेशनचा फलाट. बाकावर ठेवलेल्या थर्मासवर कॅमेरा थांबतो.)

या थर्मासमध्ये उकळून गार केलेलं पाणी आहे. शेजारी मऊ खिचडीचा डबा आणि चार केळी. मुंबईला निघालेल्या सात वर्षांच्या मुलाची ही शिदोरी. ती ज्या घरातून आली, ते घर त्याच्या नात्यातलं नाही.

मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. केमोच्या औषधांमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा माठातलं पाणीही जिवावर बेतू शकतं. काकडी बंद, द्राक्षं बंद. केळं चालतं, कारण साल जाड. आईनं हात धुऊन सोललं की झालं.

(केळीची बाग. घड वाहणारी माणसं.)

वडील मात्र त्याच केळीत अडकलेत. कुटुंब बारेला आदिवासी, सातपुड्यापलीकडचं, मध्य प्रदेशातलं. बाप इथं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. उचल आधीच घेतलेली, खर्चही झालेली. मधेच मुंबईला निघायचं कसं? रेशनकार्ड तिकडचं, राबणं इकडचं. सरकारी योजनेसाठी गेलं की पहिला प्रश्न त्या कार्डाचाच. आई बारेली बोलते, डॉक्टर हिंदी-मराठी.

इथून या मंडळींचं काम सुरू होतं. एक शिक्षक, एक औषध दुकानदार, दोन आशाताई, भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि बारेली बोलणारी कॉलेजची एक मुलगी. कार्यालय नाही, फलक नाही. रेल्वेवाले काका सवलतीचा फॉर्म भरून देतात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी जाताना स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण माफ. हे ठाऊक नसलेली माणसं अजूनही आजारी लेकरू मांडीवर घेऊन जनरलच्या दाराशी बसून जातात. बघवत नाही ते.

आम्हांला वाटलं होतं, सगळ्यात कठीण दिवस आजार कळतो तो. आशाताईंनी मान हलवली. म्हणाल्या, "पोरगं खेळायला लागतं ना, तेव्हा खरी भीती."

पहिल्या महिन्याच्या औषधांनी बहुतेकदा ताप जातो. मूल भाकरी मागतं, गल्लीत धावतं. तपासणीतही आजार दिसेनासा होतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला. मजुरी किती बुडवायची? पण उपचार दोन-अडीच वर्षांचे असतात. मधेच सोडले की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार औषधाला सहजी दाद देत नाही. श्रीमंत देशांत दहातली आठांहून जास्त मुलं कर्करोगातून बरी होतात. अनेक गरीब देशांत तीनही होत नाहीत. निदानाला उशीर होतो, औषधं मिळत नाहीत, आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. यातलं शेवटचं तरी गावानं हातात घ्यावं, असं या मंडळींनी ठरवलं.

(भिंतीवरचं कॅलेंडर, अगदी जवळून.)

आईला वाचता येत नाही. म्हणून रक्त तपासायच्या दिवसावर लाल टिकली आहे, पाठीतल्या सुईच्या दिवसावर निळी. मुंबईला जायच्या दिवशी रेल्वेचं इंजिन. टिकल्या कॉलेजच्या मुलीनं लावल्या. इंजिनं मुलानं काढली, धुरासकट.

मालकाशी बोलायला तिघं गेले होते. आधी आवाज चढले. शेवटी ठरलं, दर खेपेला तीन दिवस बापाला सुट्टी, बदली माणूस मंडळींनी द्यायचा. आजची खेप मात्र बागेत घड कापणीच्या दिवसांत आली, आणि आई एकटीच निघाली आहे. कॉलेजची मुलगी भुसावळपर्यंत सोबत जाईल. मुंबईत परळच्या रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरांशी फोनवरून तीच बोलेल.

(गाडी येते. मूल खिडकीशी.)

पुढचं इंजिन आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी काढलेलं आहे. तोवर बापाचं साल संपलेलं असेल. त्या इंजिनामागच्या डब्याला मुलानं तीन खिडक्या काढल्यात, आणि तिन्हींत माणसं आहेत.