बांग म्हणजे खोली

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘ऑनलाइन गेमचे पैसे : कोरिया आणि पाश्चात्त्य देश’. येतो त्याकडे. पण आधी एका खोलीबद्दल बोलू द्या.

कोरियात पैसे देऊन गेम खेळायच्या जागेला पीसी बांग म्हणतात. बांग म्हणजे खोली. कोंबड्याची नव्हे. तसा कोंबड्याचाही संबंध आहेच म्हणा. रात्री दहा ते सकाळी नऊ अठराच्या आतल्या पोरांना तिथे मज्जाव, आणि बाकीची मंडळी कोंबडा आरवेपर्यंत हलत नाहीत. (हशा)

२०१३ मध्ये कामानिमित्त मी सहा महिने सोलला होतो. राहायचो त्याच इमारतीच्या तळघरात पीसी बांग. तासाला हजार वॉन, म्हणजे तेव्हाचे पन्नास-पंचावन्न रुपये. खुर्ची अशी, की आमच्या ऑफिसात साहेबालाही नव्हती. स्क्रीनवरचं बटण दाबलं की मालकीणबाई नूडल्सचा वाफाळता वाडगा आणून ठेवायच्या, वर अंडं. मी शाकाहारी. पहिले तीन आठवडे अंडं परत पाठवण्यात गेले, चौथ्या आठवड्यात अंडंच शाकाहारी झालं.

तर तिथे ‘लीग ऑफ लेजंड्स’ उघडलं. शंभराच्या वर योद्धे, सगळेच्या सगळे खुले! एरवी खेळून खेळून किंवा पैसे मोजून एकेक मिळवावा लागतो. माझ्याकडे जेमतेम अकरा होते. म्हटलं, काय दिलदार कंपनी आहे. रात्री वर खोलीत लॅपटॉपवर तेच खातं उघडलं, तर पुन्हा अकरा. खातं कुणीतरी हॅक केलं, या समजुतीने चप्पल न घालता खाली पळालो. मालकीणबाई आधी माझ्या पायांकडे बघून हसल्या. मग शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने दुभाष्या होऊन सांगितलं : तुम्ही इथे जेवढे तास खेळता, तेवढ्या तासांचे पैसे ही बाई कंपनीला भरते. म्हणून या खुर्चीत असेपर्यंत सगळे योद्धे तुमचे.

माझं व्याख्यान खरं म्हणजे इथेच संपतं. कोरियात गेम कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक खेळाडू नव्हताच, दुकानदार होता. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेल्या, अनेकांनी पीसी बांगचा धंदा सुरू केला. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आणि ‘लिनिएज’ हे गेम आले आणि खोल्या भरल्या.

‘कोरियन लोक जात्याच जुगारी, म्हणून त्यांचे गेम तसे’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, पैसे कोण भरतंय ते आधी बघा! आमच्या पुण्यातल्या सायबर कॅफेत आम्हीही तासाला वीस रुपये मोजून ‘काउंटर स्ट्राइक’ खेळलो. पण मालकाने सीडी आणलेली फुटपाथवरून. कंपनीपर्यंत दमडी पोचली नाही, म्हणून आपल्याकडे ही साखळीच जुळली नाही. त्या कॅफेचे माझे चाळीस रुपये अजून येणं आहेत, ते...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

अमेरिकेत खेळाडू घरात, खिशात क्रेडिट कार्ड. गेमचा खोका विकत घ्यायचा, वर महिन्याची वर्गणी. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’ ९.९५ डॉलर, २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ १४.९९. मेसचा डबा, जेवा, नाहीतर उपाशी राहा, पैसे तेवढेच.

कोरियात घरोघरी ब्रॉडबँड आलं, पण शाळकरी पोराकडे कार्ड कुठलं? नेक्सॉन या तिथल्या गेम कंपनीचा ‘क्विझक्विझ’ फी लावल्यावर ओस पडला. मग त्यांनी खेळ फुकट केला आणि आतले कपडे-टोप्या विकायला काढल्या. मिसळ फुकट, पावाचे पैसे. पोरं मोबाइलच्या बिलावर नाहीतर गिफ्ट व्हाउचरवर पाव घेऊ लागली.

पाश्चात्त्य खेळाडूला हे झोंबतं, कारण त्याने मिसळीचे आधीच दिलेले असतात. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं, त्याची टिंगल अजून चालू आहे. २०१७ मध्ये ‘बॅटलफ्रंट २’ या गेमच्या लूट बॉक्सवरून, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर अशा पेट्यांवरून, तर रणच पेटलं, २०१८ मध्ये बेल्जियमने असे बॉक्स जुगारात धरले.

कोरियातले ग्राहक चिडले ते वेगळ्या कारणावरून. पैसे मागितल्याचा राग नाही, सोडतीत गडबड केल्याचा. ‘मेपलस्टोरी’त जादुई क्यूबमधून काय निघेल याची शक्यता गुपचूप घटवली, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने नेक्सॉनला सुमारे ११६० कोटी वॉन दंड केला. आपले सत्तरेक कोटी रुपये. त्याच मार्चपासून शक्यतेचे आकडे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं.

तो मागचा मुलगा केव्हाचा हात वर करून बसलाय. पबजीचंच विचारणार ना? हो, कोरियाचाच. २०१७ मध्ये पीसीवर ९९९ रुपयांना विकत. नंतर मोबाइलवर फुकट, जास्तीची बक्षिसं देणाऱ्या रॉयल पासचे पैसे वेगळे. २०२२ पासून पीसीवरही फुकट. माझ्या मांडणीत बसतो का? अर्धा. उरलेल्या अर्ध्याचं बाहेर चहाशी बोलू, इथले पंखे बंद व्हायला लागलेत.