बॅटन हातातून नाही, पायातून पडते

नमस्कार मंडळी! हिवाळा आला की आपल्या नागपुरात शाळा-कॉलेजच्या मीट सुरू होतात, मानकापूरच्या संकुलात ही गर्दी, आणि चार बाय शंभर रिलेमध्ये, म्हणजे चौघं शंभर-शंभर मीटर पळून एकमेकांना बॅटन नावाची छोटी नळी देतात त्या शर्यतीत, कोणाची तरी बॅटन पडतेच. मग सगळे देणाऱ्या पोरावर तुटून पडतात, काहून बे, नीट देता नाही आली का? पण माझं स्पष्ट मत आहे, चूक बहुतेक वेळा हाताची नसतेच, पायाची असते, आणि तेही घेणाऱ्याच्या.

कसं ते सांगतो. घेणारा पावलं मोजून आपल्या लेनमध्ये मागे टेपची खूण लावतो, देणारा त्या खुणेवर पोचला की यानं सुटायचं, मागे न बघता, जीव तोडून. धावत्या बसमध्ये चढायचं तर आधी बसच्या स्पीडनं पळावं लागते ना, तसंच. पण फायनलला पब्लिक ओरडते, पोरगं दोन पावलं आधीच सुटते, मागून येणारा शंभर मीटर पळून दमलेला, तो याला गाठणार कुठून? उशिरा सुटला तर मागचा अंगावर आदळते. आणि काही जण हात मागे करून तो हलवत बसतात, त्यांना तर काय बोलावं!

बॅटनचा हा बदल 30 मीटरच्या झोनमध्येच, म्हणजे लेनमध्ये आखलेल्या पट्ट्यातच, व्हायला पाहिजे. आधी झोन 20 मीटरचा होता अन् त्याच्या मागे 10 मीटर नुसते पळायला मिळायचे, 2017 च्या शेवटी ते एकत्र केले. झोनमध्ये बॅटन कुठे आहे ते बघतात, तुमचे पाय नाही.

मोठ्या लोकांचंही हेच होते बरं का. अमेरिकेइतके फास्ट पोरं कोणाकडे आहेत? तरी 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पुरुषांची अन् बायकांची, दोन्ही टीमची बॅटन हीटमध्येच, म्हणजे फायनलआधीच्या फेरीतच, पडली, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या गॅटलिननं झोनच्या आधीच बॅटनला हात लावला म्हणून ब्राँझ गेलं, अन् पॅरिसला 2024 मध्ये त्यांच्याच कोलमन-बेडनारेकचा पहिलाच बदल फसला, बाद! उलट जपान बघा, रिओत चौघांपैकी एकही तोवर दहा सेकंदांच्या आत पळालेला नव्हता, पण खालून वर बॅटन द्यायची पद्धत घोटून घोटून पक्की केलेली, 37.60 सेकंदांत सिल्व्हर नेलं. आपल्याकडे मात्र टीम सिलेक्शन म्हणजे चार फास्ट पोरं उचलायचे आणि आदल्या दिवशी बॅटन हातात द्यायची.

आणि पोरांनो, पडलीच तर डोकं धरून उभे राहू नका. ज्याच्या हातून पडली त्यानं उचलून पळता येते, फक्त दुसऱ्याला आडवं जायचं नाही. रिओच्या हीटमध्ये अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्सला बाजूच्या लेनमधल्या ब्राझीलच्या मुलीचा धक्का लागला, बॅटन पडली, पण तिनं उचलून दिली, टीमनं रेस पूर्ण केली अन् अपील केलं. संध्याकाळी त्या चौघी ट्रॅकवर एकट्याच धावल्या, क्वालिफाय झाल्या आणि दुसऱ्या दिवशी गोल्ड घेऊन गेल्या.