इंजेक्शन पिकतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो,

इंजेक्शनची जागा एक-दोन दिवस दुखते आणि मग आपण ती विसरून जातो. बहुतेकांचा अनुभव असाच असतो. पण कधी कधी चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं उलट वाढत जातं. ठणका लागतो, त्या कुशीवर निजता येत नाही, जागा गरम होते, थंडी वाजून ताप येतो. म्हणजे आत स्नायूत पू धरू लागलेला असतो. आपल्याकडे म्हणतात, इंजेक्शन पिकलं. मग घरात चर्चा सुरू होते, वांगं खाल्लं म्हणून झालं, याचं रक्तच खराब आहे. वांग्याचा यात काडीचाही दोष नाही. पू होतो तो जंतूंमुळे, आणि ते जंतू बहुतेक वेळा सुईबरोबर आत गेलेले असतात.

ते जातात कसे? नुसती सुई बदलून सिरिंज तीच वापरली जाते. औषधाच्या मोठ्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची टोचून ठेवलेली असते. आणि ती बोळ्यांची डबी! अनेक दवाखान्यांत टेबलावर ती दिसते. सकाळी कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये भिजवून ठेवायचे आणि दिवसभर त्यातलाच एकेक काढायचा. झाकण उघडं राहतं, दर वेळी बोटं आत जातात, स्पिरिट उडत जातं आणि ओला कापूस तेवढा उरतो. असे बोळे भिजवून ठेवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. कोरडा, स्वच्छ कापूस त्याच वेळी भिजवावा, 30 सेकंद त्वचा पुसावी, ती आपोआप वाळू द्यावी आणि मगच सुई टोचावी. ओल्या त्वचेवर घाईनं टोचलं तर पुसण्याचा फायदा उरत नाही.

काही वेळा जंतू नसतानाही गाठ होते. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅकसारखं औषध खोल स्नायूतच जायला हवं. अंगावर चरबी जास्त आणि सुई आखूड, असं झालं की ते चरबीतच राहतं आणि तिथला भाग मरतो. म्हणून सुई माणसाचा बांधा बघून निवडावी लागते.

लहान मुलांच्या आयांसाठी थोडं वेगळं सांगतो. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर मांडीवर लहानशी टणक गाठ काही आठवडे राहू शकते. ती लाल नसेल, दुखत नसेल, तर चोळू नका, तिची ती जिरते. क्षयावरच्या बीसीजी लसीच्या जागी, डाव्या दंडावर, काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, व्रण राहतो. तसं होणं अपेक्षितच आहे. त्यावर मलम नको, हळदही नको. काखेत गाठ वाढू लागली तर मात्र बाळाला दाखवा.

आता उपचार. नुसती सूज आणि लाली असताना अँटिबायोटिकनं काम भागू शकतं. एकदा पू साचला की गोळ्यांवर भागत नाही, कारण पुवाच्या पोकळीत औषध पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढावाच लागतो. कुल्ह्यावरचं गळू तर फसवं असतं. पू इतका खोल असतो की वरून मऊ लागत नाही, आणि ‘अजून पिकलं नाही’ म्हणत लोक पोटिसं बांधत आठवडा घालवतात. तोवर पू स्नायूंच्या थरांतून पसरत जातो. सोनोग्राफीत तो दिसतो. भूल देऊन चीर देतात, आतले कप्पे बोटानं मोकळे करतात, जागा धुतात, थोडा पू तपासणीला पाठवतात. जखम शिवत नाहीत. ‘डॉक्टर, टाका का नाही घातला?’ हे नातेवाईक हमखास विचारतात. तोंड बंद केलं तर आत पुन्हा पू साचेल. जखम तळापासून भरून वर यायला हवी, म्हणून रोजचं ड्रेसिंग चुकवू नका. आणि रक्तातली साखर तपासून घ्याच. पुष्कळांना आपला मधुमेह पहिल्यांदा कळतो तो अशा गळवाच्या निमित्तानं.

इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी, अगदी महिन्यांनीही, गाठ आली, वाहत राहिली, नेहमीच्या औषधांना दाद देईना, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या, पाण्यात-मातीत राहणाऱ्या जंतूंचा संशय घ्यावा लागतो. त्यांची तपासणी वेगळी आणि औषधं काही महिन्यांची. अशा वेळी इंजेक्शन कधी, कुठं, कशाचं घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. जुनी चिठ्ठी असेल तर सोबत न्या.

आणि त्वचा काळी-निळी पडू लागली, फोड आले, दाबल्यावर आत करकर लागली, किंवा रुग्ण ग्लानीत जाऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.