चप्पल गळून पडते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

"पायातली चप्पल गळून पडते आणि मला कळतच नाही." साठीच्या एक बाई एमआरआयच्या टेबलावर चढता चढता हे सहज बोलून गेल्या. त्यांच्या चिठ्ठीवर होतं एवढंच: कंबरदुखी, कमरेचा एमआरआय. सगळी हकीकत सोबतच्या मुलानं सांगितलेली, बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. माझं ठाम मत आहे, दुखणं ज्याचं त्यालाच सांगू द्यावं. मुलांनी सोबत जरूर यावं, हात धरावा, फाइल धरावी. पण बोलू द्यावं आईला.

कमरेच्या प्रतिमा आल्या. मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, त्या वयात झिजतात तेवढ्याच. रिपोर्ट लिहून मोकळं होता आलं असतं, पण ती चप्पल डोक्यातून जाईना. मेंदूपासून कण्याच्या आतून उतरणारी नसांची जाड दोरी, म्हणजे मज्जारज्जू, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, खाली उतरतात त्या नुसत्या नसा. बाईंचे तर दोन्ही पाय बधिर आणि चाल ताठर. म्हणजे दुखणं वर असणार. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून पूर्ण कण्याचा एमआरआय केला.

छातीच्या सहाव्या मणक्यामागे, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्यात, करंगळीच्या पेराएवढी काळसर गाठ! मज्जारज्जू एका बाजूला रेटून फितीसारखा चपटा झालेला. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं, तशी गाठ एकसारखी उजळली आणि मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेली तिची शेपटीही दिसली. मेनिंजिओमा, म्हणजे आवरणातून वाढणारी, बहुधा साधी, कॅन्सर नसलेली गाठ. ऑपरेशन झालं, तपासणीतही तीच ठरली. काही महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, दारात चपला काढत म्हणाल्या, "डावी जरा सैल झालीय. कळतं आता."

म्हणून सांगते: ज्या भागाचा एमआरआय, त्याच भागाचं उत्तर.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनमधून प्रतिमा तयार होते. सीटीत हाड छान दिसतं, मज्जारज्जू मात्र एमआरआयमध्येच नीट दिसतो. आम्ही आधी पाहतो ते गाठीचं ठिकाण. आवरणाच्या बाहेर, आवरणाच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर, की थेट मज्जारज्जूत? आवरणाबाहेरच्या गाठी बहुतेक वेळा दुसरीकडच्या कॅन्सरच्या पसरलेल्या असतात, आणि एकीबरोबर आणखी असू शकतात, म्हणून तिथे पूर्ण कणा बघतातच. गाठ नेमकी कसली, याचा पक्का निकाल बहुतेकदा तुकडा तपासूनच लागतो.

पेसमेकर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी सांगा. आणि आडवं झाल्यावर वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर तेही सांगा, चिठ्ठीवर लिहून घ्या. पायांतली ताकद झपाट्यानं जात असेल, लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.