गिऱ्हाईक विचारत नाही, खरेदीदार विचारतो

(लातूरमध्ये खाद्यपदार्थ बनवणाऱ्या लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, शाश्वतता म्हटलं की आपल्याकडे आधी पाकिटाचा रंग हिरवा होतो. गंजगोलाईतल्या एखाद्या दुकानात तासभर उभं राहून बघा. पाकिटावर पान छापलंय म्हणून किलोमागे पाच रुपये जास्त मोजणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटेल. त्याच्या भरवशावर गणित मांडू नका. फायदा होतो, पण तो दुसऱ्याच खात्यावर जमा होतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते या गावात कुणाला सांगायला नको. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं २५ टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं. तेही ऐन उन्हाळ्यात, म्हणजे बिअरच्या हंगामात! जाहिरात तयार, दुकानदार तयार, आणि पाणीच नाही. अशा वेळी बाटलीमागे कमी पाणी लागणारा कारखाना जास्त बाटल्या भरतो. त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं तर म्हणा.

साखरेचं प्रकरण जास्त अवघड आहे. बीडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडत नाही, म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या पत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं या ऊसतोडीचा धागा कोका-कोला आणि पेप्सीला जाणाऱ्या साखरेपर्यंत नेऊन दाखवला. इतकी वर्षं आपल्याच देशात घोळत राहिलेला प्रश्न एकदम परदेशातल्या ब्रँडच्या दारात गेला.

तुमचा संबंध काय, असं वाटत असेल. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानं २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बीआरएसआर, द्यावा लागतो. अशा कंपनीला तुम्ही चिक्की किंवा डाळ पुरवत असाल, तर तिचा खरेदी विभाग आज ना उद्या तुम्हाला फॉर्म धाडणार: गूळ कुठला, मजुरी कशी देता, सांडपाणी कुठे सोडता. ज्याच्याकडे पावत्या आहेत, त्याची ऑर्डर टिकते.

आता आपल्या हातातलं बघू. करडई. पावसाळा सरल्यावर काळ्या रानात उरलेल्या ओलीवर येणारं हे पीक. उसाच्या मानानं पाणी जवळजवळ लागतच नाही. तरी पेरा घटत गेला, कारण काटे, काढणीला मजूर मिळत नाही आणि बाजारात स्वस्त पामतेल. परभणीच्या विद्यापीठानं चांगले वाण दिले, पण नुसत्या वाणानं शेतकरी पेरत नाही, त्याला भाव लागतो. लाकडी घाण्याचा ब्रँड चालवणाऱ्यांनी पेरणीआधीच भाव ठरवून द्यावा. चार वर्षांनी करडईच मिळाली नाही, तर घाण्यात काय घालणार? पेंड विकली जातेच, दुभत्या जनावरांना ती हवी असते.

बाटलीचं म्हणाल तर गावातल्या गावात काचेची बाटली अनामत घेऊन द्यावी, नाहीतर गिऱ्हाइकानं आपला डबा आणावा. पुण्याला माल पाठवताना मात्र हा हट्ट नको. काच फुटते आणि वजनाचं भाडं अंगावर येतं.

आणि ज्यांनी लेबलवर ‘शंभर टक्के इको-फ्रेंडली’ छापलंय, त्यांनी नवा रोल छापायला टाकण्याआधी ते काढावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असल्या दाव्याला पुरावा लागतो. ‘करडई अमुक गावची, कोरडवाहू’ एवढंच लिहा. त्याची पावती तुमच्याकडे असते.