पासपोर्टवर मिळणारी मास्तरकी

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व आणि आग्नेय आशियातील शाळांत आणि खासगी शिकवणी वर्गांत इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांच्या दर्जाविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील हजारो तरुण या कामासाठी जपान, दक्षिण कोरिया, चीन आणि थायलंड येथे जातात. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, इंग्रजी ही त्यांची मातृभाषा असल्यामुळे त्यांच्याइतके चांगले ती कोण शिकवणार? तर कोणी म्हणतो, मायदेशी ज्यांना धड नोकरी मिळाली नाही, असे हे हौशी प्रवासी आहेत. ही मते मांडणाऱ्यांचे सारे लक्ष शिक्षकावर असते. त्याला नेमताना कोणी काय तपासले, याची चौकशी फारसे कोणी करत नाही आणि माझ्या मते दर्जाचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

जपानचे उदाहरण घेऊ. तेथील सरकारने १९८७ साली जेट नावाची योजना सुरू केली आणि पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण बोलावले. त्यांतील बहुतेकांची नेमणूक सरकारी शाळांत सहायक भाषा शिक्षक म्हणून झाली. या पदासाठी कोणत्याही विषयातील पदवी चालते. उमेदवार भूगर्भशास्त्र शिकलेला असो की नाट्यशास्त्र, अध्यापनाचे प्रशिक्षण किंवा अनुभव त्याच्याजवळ असलाच पाहिजे अशी अट नाही. योजनेच्या उद्दिष्टांत भाषाशिक्षणाइतकेच महत्त्व आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीला होते, हे लक्षात घेतले तर ही सवलत समजण्यासारखी आहे. खेड्यातल्या मुलांनी परदेशी माणूस जवळून पाहावा, त्याच्याशी बोलण्याची त्यांची भीड चेपावी, हा हेतू चांगलाच होता आणि बऱ्याच अंशी तो साध्यही झाला. मात्र पालक आणि वृत्तपत्रे या तरुणांची पारख शिक्षक म्हणून करू लागली आणि त्या पारखेला उतरण्याची तयारी त्यांच्याकडून कोणी करूनच घेतली नव्हती.

वर्गातली परिस्थितीही त्यांना अनुकूल नसते. हा सहायक जपानी शिक्षकाच्या जोडीने तास घेतो. जपानी शिक्षकाची नजर प्रवेशपरीक्षेवर असते. त्या परीक्षेत वाचन आणि व्याकरण यांना पिढ्यान्पिढ्या मान मिळत आला, बोलण्याला मिळाला नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी परदेशी सहायकाकडे एवढेच काम उरते की पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा आणि मुलांनी त्याच्यामागून म्हणायचे. हे शिक्षक स्वतःला मानवी टेपरेकॉर्डर म्हणवून घेतात, ते थट्टेने असले तरी खोटे नाही. जिथे जपानी शिक्षक आणि सहायक तासाची आखणी एकत्र बसून करतात, तिथे हाच अननुभवी पदवीधर उत्तम काम करताना दिसतो.

पात्रतेच्या कागदांवरच सारे ठरते, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण जपानच्याच इतिहासात त्याला एक ठसठशीत अपवाद आहे. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० साली जपानमध्ये आला आणि मात्सुए गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि अध्यापनाचे प्रशिक्षणही नव्हते. तरीही पुढे तो टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अध्यापक झाला. १९०३ मध्ये त्याला तेथून जावे लागले आणि त्याच्या जागी नात्सुमे सोसेकी आले, तेव्हा विद्यार्थी नाराज झाले. सोसेकी म्हणजे सरकारने इंग्लंडला पाठवून शिकवून आणलेले आणि पुढे जपानचे थोर कादंबरीकार ठरलेले गृहस्थ. परदेशी शिक्षक बरा की शिकलेला स्वदेशी बरा, हा वाद तेथे किती जुना आहे, हे यावरून कळावे. पण हर्न तेथे राहिला, त्याने तेथे संसार थाटला, तेथले नागरिकत्व घेतले. आजच्या जेट योजनेत पदवी नसल्यामुळे त्याला प्रवेशच मिळाला नसता आणि मिळालाच असता, तरी जास्तीत जास्त पाच वर्षांनी त्याला निरोप मिळाला असता.

खासगी वर्गांची कथा अधिक कठोर आहे. जपानमधील नोव्हा ही इंग्रजी संभाषणाच्या वर्गांची सर्वांत मोठी साखळी ‘स्टेशनसमोरच परदेशी शिक्षण’ अशा अर्थाचे घोषवाक्य मिरवत असे. शेकडो तासांचे शुल्क ती आगाऊ घेत असे. करार रद्द करणाऱ्यांना पैसे परत देण्यावरून तक्रारी वाढल्या, तेव्हा जून २००७ मध्ये सरकारने तिच्या व्यवहारावर अंशतः बंदी आणली आणि ऑक्टोबरमध्ये ती कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. ज्यांच्या पगारातून घरभाडे कापले जात होते, त्यांतल्या काहींच्या घरमालकांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. असल्या धंद्यात शिक्षक कसा शिकवतो, यापेक्षा जाहिरातीत त्याचा चेहरा कसा दिसतो, याला किंमत असते. अशा मालकाच्या हाताखाली चांगला शिक्षक असलाच तर तो योगायोगाने.

दक्षिण कोरियात हाच प्रकार कायद्यात उतरला आहे. तेथे भाषा शिकवण्यासाठी लागणारा ई-२ व्हिसा इंग्रजीपुरता अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्यांना कोणत्याही विषयातील पदवी पुरते. भारताशी झालेला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्याने भारतीयांनाही शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मोकळी केली. मात्र भारतीयाजवळ इंग्रजी विषयातील पदवी आणि शिक्षकाचे पात्रता प्रमाणपत्र ही दोन्ही हवीत. साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या बी.एड. झालेल्या, इंग्रजीची पदवी घेतलेल्या बाईंनी जे सिद्ध करायचे, त्यातले काहीही टोरांटोच्या लेखाशास्त्राच्या पदवीधराने सिद्ध करायचे नाही! भारतीयांसाठी घातलेली अट मला मुळीच अन्यायाची वाटत नाही. ती सर्वांना लागू केली असती, तर दर्जाविषयीची निम्मी ओरड थांबली असती.

कोरियाने कडक तपासणी केलीच नाही, असे नाही. २००७ मध्ये, पूर्वी तेथे शिकवून गेलेला एक कॅनडियन मुलांवरील अत्याचारांच्या प्रकरणी थायलंडमध्ये पकडला गेला आणि त्यानंतर व्हिसासाठी गुन्हेगारी नोंदीचा दाखला, अमली पदार्थांची चाचणी आणि एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. गुन्हेगारी नोंदीची तपासणी हवीच होती. एचआयव्ही चाचणीचा अध्यापनाशी काय संबंध, हे मात्र कोणी पटवून देऊ शकले नाही. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने ती पुन्हा करून घेण्यास नकार दिला आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने तिच्या बाजूने मत दिले. पुढे ती अट गेली. या काळात शिक्षकाचे रक्त तपासले गेले, पण त्याचा एखादा तास पाहून मग व्हिसा द्यावा, हे कोणाला सुचले नाही.

तास पाहून प्रमाणपत्र देण्याची पद्धत अस्तित्वात नाही, असेही नाही. इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी असलेल्या केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमात सुमारे १२० तासांच्या शिक्षणाबरोबर सहा तास प्रत्यक्ष प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावे लागते आणि मागे बसलेला निरीक्षक त्याच्या नोंदी करतो. त्याच १२० तासांचा आकडा छापलेली, घरबसल्या संगणकावर मिळणारी प्रमाणपत्रेही बाजारात भरपूर आहेत. कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

हाँगकाँगने १९९८ पासून आपल्या माध्यमिक शाळांसाठी वेगळा मार्ग धरला. परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या या योजनेत पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता पाहिली गेली, करार दोन वर्षांचा ठेवला आणि घरासाठी भत्ता दिला. खर्च मोठा होता आणि त्यावर टीकाही झाली. पण अनुभवी शिक्षक तेथे कुटुंबासह येऊन राहू शकला.

जपानजवळही तरतूद आहे. नेहमीचा परवाना नसलेल्या जाणकार व्यक्तीला विशेष अध्यापन परवाना देण्याचा अधिकार तेथील प्रांतिक शिक्षण मंडळांना १९८८ च्या सुधारणेपासून मिळालेला आहे. २०२० पासून पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाल्यामुळे अशा शिक्षकांची गरजही वाढली आहे. तरीही पाच वर्षांत जपानी भाषा, शाळा आणि मुले ओळखू लागलेल्या सहायकाला हा परवाना देऊन थांबवून घेणारी मंडळे मोजकीच. बहुतेक ठिकाणी तो निघून जातो आणि ऑगस्टमध्ये त्याच्या जागी नवा पदवीधर येतो, ज्याच्याकडून पुन्हा पदवी आणि पासपोर्ट एवढेच मागितलेले असते.

नमस्कार.