मुंगुसाचं इंग्रजी अनेकवचन

गूसचं अनेकवचन गीस होतं, मग माँगूसचं माँगीस का होत नाही? प्रश्न खोडसाळ वाटेल, पण इथूनच सुरुवात करू.

गूस इंग्रजीच्या घरचा जुना शब्द. फार पूर्वी त्याच्या अनेकवचनाच्या शेवटी 'इ'सारखा ध्वनी होता. तो पुढे यायचाय म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची आणि मधला 'ओ' 'ए'कडे झुकायचा. पुढे तो 'इ' झिजून गेला, बदललेला स्वर मात्र राहिला. फूट, टूथ, मॅन, वुमन, माउस, लाउस ही त्याचीच भावंडं. गूस धरून आजच्या वापरात अशी सातच नामं आहेत. माँगूस मात्र आपलंच मुंगूस. ते इंग्रजीत पोचलं सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे हा स्वरबदल थांबून हजारएक वर्षं झाल्यावर. म्हणून त्याला साधा एस लागतो: माँगूसिझ.

या एसचे उच्चार तीन, आणि आपण बहुतेक वेळा एकच करतो. घशावर बोट ठेवा. कप, कॅट, बुक यांच्या शेवटच्या ध्वनीला घसा थरथरत नाही, तिथे 'स'. डॉग, पेन, की यांच्या शेवटी थरथरतो. तिथे एसचा उच्चार झेडसारखा. बस, डिश, मॅच, जज अशा स, श, च, ज या ध्वनींवर संपणाऱ्या शब्दांना 'इझ'. (आपलं 'बसेस' मराठीत चालतं, इंग्रजीत ते 'बसिझ'.) कान शेवटच्या ध्वनीकडे हवा, डोळा अक्षराकडे नको. स्टमकच्या शेवटी सीएच लिहितात, पण उच्चार 'क'. म्हणून तिथे ईएस लावला की चूक, नुसता एस हवा.

वाय, एफ यांचे नियम पाठ्यपुस्तकात मिळतात, ते तिथूनच घ्या. खरी घसरगुंडी मोजण्यात आहे, कारण मराठीतलं वचन आपण नकळत तसंच पुढे नेतो. आपण तांदूळ 'निवडले' म्हणतो, पैसे 'दिले' म्हणतो, केस 'पांढरे झाले' म्हणतो. इंग्रजीत राइस, मनी आणि डोक्यावरचे हेअर एकवचनी: 'माय हेअर इज', 'आर' नाही. 'हेअर्स' म्हणजे सुटे, मोजलेले केस, उदाहरणार्थ भातात सापडलेले दोन. कात्रीचं उलट. मराठीत ती एक, इंग्रजीत सिझर्सना 'आर', आणि एकच हवी असेल तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, तरी क्रियापद 'इज'. सल्ले दोन असले तरी 'ॲडव्हायसेस' नाहीत. 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन यांचंही तेच.

शेवटी मापं. मराठीत 'पाच किलो', 'दहा मीटर' म्हणताना शब्द बदलत नाही, म्हणून 'फाइव्ह किलो', 'टेन मीटर' तोंडात बसतं. इंग्रजीत 'फाइव्ह किलोज', 'टेन मीटर्स'. पण तेच माप नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की एस गळतो: 'अ फाइव्ह-किलो बॅग', 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय'. मुलगा 'टेन इयर्स ओल्ड' असतो तेव्हा मात्र एस परत येतो.